आजीने मिठी नदीला हात का जोडले नाहीत?

लाडक्या चिऊ,

काल फोनवर तू विचारलंस, "आई, सांगलीला जाताना एसटी कृष्णेच्या पुलावर आली तेव्हा आजीने खिडकीतून रुपया टाकला, मलाही हात जोडायला लावले. आणि सायनहून कुर्ल्याला येताना लोकलमध्ये नाकाला पदर लावला. मामा म्हणतो, तीपण नदीच आहे, मिठी. मग तिला नमस्कार का नाही?" मी "नंतर सांगते" म्हणून टाळलं. खरं म्हणजे उत्तर मलाच चटकन सुचलं नाही.

आजी कृष्णेला कधी नुसतं नदी म्हणत नाही, कृष्णामाई म्हणते. तिचं माहेर हरिपूर, सांगलीला अगदी लागून, वारणा जिथे कृष्णेला मिळते तिथे. तिच्या वडिलांची हळद पेवात असायची. पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेलं कोठार. तोंड माणूस उतरेल एवढंच, पोट मात्र रांजणासारखं फुगलेलं. हरिपूरची माती अशी, की त्यात हळदीला ना ओल लागायची ना कीड. बाजारात भाव आला की पेव उघडायचं. पण लगेच आत उतरायचं नाही, कोंदलेल्या हवेत माणूस गुदमरतो. आधी कंदील सोडून बघायचा. तो विझला तर थांबायचं. हे सांगताना आजी अजूनही आवाज खाली आणते.

नदीकाठच्या जमिनीत पीक, काठावरच साठवण आणि शेजारी सांगलीची पेठ. त्या हळदीवर घर चाललं, मामाची फी भरली गेली. आजी खाल्ल्या मिठाला जागते, म्हणून तो रुपया. पूर्वी नाणी तांब्याची होती, त्याने पाणी शुद्ध व्हायचं, असंही तुला कुणी सांगेल. मला ते मागाहून चिकटवलेलं कारण वाटतं.

माई कधीकधी घरातही शिरते. तू ओलांडलास तो आयर्विन पूल १९२९चा. पावसाळ्यात सांगलीकर त्याच्यावरून फूट मोजतात: ४० ला इशारा, ४५ ला धोका. २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. २००५ च्या पुरात तर हरिपूरच्या पेवांतच पाणी शिरलं आणि हळद गेली. तरी आजी "माई येऊन गेली" असंच म्हणते, जशी काही पाहुणी!

आता मिठी. नदीचं मूळ विचारू नये म्हणतात, पण हिचं सगळ्यांना ठाऊक आहे. विहार आणि पवई तलाव भरून वाहिले की ते पाणी हिच्यात येतं. जेमतेम अठरा किलोमीटर वाहून माहीमच्या खाडीत संपते. मुंबई पोसली समुद्राने, माल आला जहाजांनी. हिची गरज लागली ती पिण्याच्या पाण्यापुरती, म्हणून १८६० मध्ये विहारला बांध घालून पाणी वरच्या वर अडवलं. पुढे तेही पुरेना, तेव्हा तानसा, वैतरणा, भातसा असं लांबलांबहून पाणी आणलं. कुर्ल्याच्या नळाला येतं ते त्या नद्यांचं पाणी. मिठीकडून घ्यायचं काही उरलं नाही, तेव्हा तिच्यात टाकायला सुरुवात झाली: कारखान्यांचं सांडपाणी, भंगारवाल्यांनी धुतलेले तेलाचे पिंप, गोठ्यांचं शेण. विमानतळासाठी तिला वळवली, मुखाशी भराव टाकून वांद्रे-कुर्ला संकुल उभं केलं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा कितीतरी मुंबईकरांना कळलं की इथे नदी आहे. त्या रात्री मामा छातीभर पाण्यातून घरी आला. त्याच पावसाळ्यात हरिपूरची पेवं बुडाली, म्हणजे आजीला दोन्हीकडून पाणी.

म्हणून सांगते, आजीचं चुकलं असं मी म्हणणार नाही. ज्या नदीने आजीला कधी घागरभर पाणी दिलं नाही तिला तिने माई कसं म्हणायचं? पण नाकाला पदर लावायची वेळ मिठीने आणली नाही, आपण आणली. हे तिला तू सांग, माझं ती ऐकत नाही.

आपल्या इथे जर्मनीत ऱ्हाईन नदीच्या काठी तो घड्याळासारखा मनोरा आहे ना, काटे पाण्याची उंची दाखवतात तो? तो पाहिल्यावर आजी पहिलं वाक्य बोलली होती, "म्हणजे यांचा आयर्विन." ती कुर्ल्यात बसूनही पावसाळ्यात रोज सकाळी बातम्यांत सांगलीचे फूट बघते. आजचा आकडा विचारून मला कळव, मी इथला सांगते.

तुझी,
आई