अमेरिकेत कॉलेजजवळच्या ज्यू घरात मुलीला शुक्रवारी जेवायला पाठवावं का?

तुमचा प्रश्न असा: मुलगी एमएससाठी अमेरिकेला चालली आहे, होणारी रूममेट ज्यू आहे आणि ती म्हणते, दर शुक्रवारी हिलेलमध्ये नाहीतर छबाड हाउसमध्ये जेवायला ये. ही नेमकी काय जागा असते, आम्ही शाकाहारी आहोत, आणि धर्मांतर वगैरे करत नाहीत ना?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण 2011 साली माझ्या आईनेही फोनवर पहिला हाच प्रश्न विचारला होता. नाही करत. उलट कुणी आपणहून ‘मला ज्यू व्हायचंय’ म्हणत गेलं, तर रबायने, म्हणजे ज्यू धर्मगुरूने, त्याला तीनदा परत पाठवावं अशी जुनी रीत आहे. छबाडचे लोक कॅम्पसवर उभे राहून ‘तुम्ही ज्यू का?’ असं विचारतात खरे, पण नाही म्हटलं की हसून पुढच्याकडे वळतात. त्यांची सगळी खटपट जन्माने ज्यू असलेल्यांना जरा जास्त ज्यू करण्याची असते. तुमची मुलगी त्यांच्या यादीतच नाही, त्यामुळे तिला नुसतं जेवायला मिळेल.

मी अलिबागचा. इलिनॉय विद्यापीठात, अर्बाना-शँपेनला, इलेक्ट्रिकल शिकायला होतो. चहूकडे मक्याची शेतं आणि मधे विद्यापीठ. माझा प्रयोगशाळेतला जोडीदार ज्यू होता, त्याने ओढून नेलं म्हणून गेलो आणि मग दोन वर्षांतले बरेचसे शुक्रवार तिथेच जेवलो.

हिलेल आणि छबाड ही दोन वेगळी घराणी. हिलेलची सुरुवात योगायोगाने आमच्याच विद्यापीठात झाली, 1923 मध्ये. तो काळ ज्यू विद्यार्थ्यांना नकोसा होता. आदल्याच वर्षी हार्वर्डच्या अध्यक्षांनी ज्यूंच्या प्रवेशावर टक्केवारीची मर्यादा घालायचा प्रस्ताव मांडला होता, आणि फ्रॅटर्निटी म्हणजे विद्यार्थ्यांची एकत्र राहणारी मंडळं, त्यांतली बरीचशी त्यांना दारात उभं करत नसत. इलिनॉयमध्ये एडवर्ड चॉन्सी बाल्डविन नावाचे ख्रिस्ती प्राध्यापक बायबलचं साहित्य शिकवत. वर्गातल्या ज्यू पोरांना स्वतःच्याच ग्रंथांतलं काही ठाऊक नाही याचं त्यांना वाईट वाटे. त्यांनी गावातल्या ज्यू मंडळींच्या मागे लकडा लावला आणि बेंजामिन फ्रँकेल या तरुण रबायने काम हाती घेतलं. फ्रँकेल 1927 मध्येच, वयाच्या तिशीत वारले. आज शेकडो विद्यापीठांजवळ हिलेल आहे.

नाव पडलं ते दोन हजार वर्षांपूर्वीच्या हिलेल या पंडितावरून. त्याची गोष्ट तालमूद या ज्यूंच्या जुन्या धर्मग्रंथात आहे. एक परका माणूस शम्माय या दुसऱ्या पंडिताकडे गेला आणि म्हणाला, मी एका पायावर उभा आहे तेवढ्यात तुमचा सगळा धर्म शिकवा. शम्मायने गवंड्याची मापाची काठी उगारून त्याला हाकललं. मग तो हिलेलकडे गेला. हिलेल म्हणाला, तुला जे नकोसं वाटतं ते दुसऱ्याशी करू नकोस, बाकी सगळी टीका-टिप्पणी, जा आणि शीक. आडगावच्या पोरांसाठी काढलेल्या जागेला हे नाव चांगलंच शोभतं.

हिलेल म्हणजे आपल्याकडच्या वसतिगृहाच्या कॉमनरूमसारखी इमारत. पंथ कुठलाही चालतो, देव मानणारे आणि न मानणारे दोन्ही येतात, परीक्षेच्या दिवसांत मुलं तिथल्या सोफ्यावर झोपलेली असतात.

छबाड हाउस हे मात्र खरोखर कुणाचं तरी घर असतं. हे नाव आपल्याला 26/11 मुळे माहीत झालं, कुलाब्याच्या नरिमन हाउसमध्ये मारले गेलेले रबाय गॅव्हरिएल होल्ट्झबर्ग आणि त्यांची पत्नी रिव्का हे असंच घर चालवत होते. (आपल्या वर्तमानपत्रांत ‘छाबड’ छापतात. उच्चार ‘खबाद’च्या जवळचा आहे, पण असो.) ही न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनहून चालणारी हसिदी, म्हणजे कर्मठ भक्तिमार्गी ज्यूंची परंपरा. कॅम्पसजवळचं त्यांचं पहिलं घर 1969 मध्ये लॉस एंजेलिसच्या यूसीएलएपाशी उघडलं. रबाय आणि त्याची बायको एखाद्या गावात जातात ते कायमचे, बदलीवर नव्हे. पैसे स्वतः देणग्या मागून उभे करायचे आणि दर आठवड्याला पन्नास-साठ पोरांचा स्वयंपाक करायचा. आमच्याकडे रबायची बायकोच सगळं घर हाकत असे. कडेवर एक, पायाशी दोन, आणि ओव्हनमध्ये कोंबड्या.

आता शुक्रवारी काय होतं ते सांगतो, म्हणजे माझ्यासारखी फजिती व्हायला नको.

सूर्यास्ताच्या अठरा मिनिटं आधी मेणबत्त्या लावतात आणि शब्बात, म्हणजे ज्यूंचा आठवड्याचा विश्रांतीचा दिवस, सुरू होतो. तिथून शनिवारी रात्री चांदण्या दिसेपर्यंत धार्मिक घरात दिव्याचं बटण दाबत नाहीत, चूल पेटवत नाहीत, फोन उचलत नाहीत. मुलीला सांगा, मोबाईल बंद करून बॅगेत ठेव आणि फोटो तर मुळीच काढू नकोस. टेबलावर गाणी होतात, मग रबाय द्राक्षरसाचा नाहीतर वाइनचा पेला हातात घेऊन प्रार्थना म्हणतो. कपड्याखाली दोन वेणीचे पाव झाकलेले असतात, त्यांना खल्ला म्हणतात. त्याआधी सगळे रांगेने हात धुतात. दोन कानांचं भांडं, आधी उजव्या हातावर पाणी, मग डाव्या.

माझी पहिल्या दिवशीची चूक इथे झाली. हात धुतले आणि शेजारच्याला विचारलं, टॉवेल कुठाय? तो नुसता हसला. दुसरीला विचारलं, तिने डोळे मोठे करून भिंतीकडे बोट दाखवलं. मला वाटलं, मी कुणाला दुखावलं की काय. मग आणखी मोठ्याने माफी मागितली. सगळं टेबल हसू दाबत बसलेलं, आणि एक अक्षर कुणी बोलेना. हात धुतल्यापासून पावाचा तुकडा तोंडात जाईपर्यंत बोलायचं नसतं, हे मला नंतर कळलं. आमचे आजोबा चित्राहुती घालून पहिला घास घेईपर्यंत असेच हूं-हूं करून मीठ मागायचे. तेव्हा हे आधीच ओळखायला हवं होतं.

स्वयंपाकघर तर सरळ आजीचं सोवळं आहे. मांसाची भांडी वेगळी, दुधाची वेगळी, फडकी वेगळी, सिंकसुद्धा दोन. मांसाच्या जेवणात दुधाचा थेंब चालत नाही. मी भाताबरोबर दही मागितलं तेव्हा रबायची पाच वर्षांची मुलगी माझ्याकडे अशी बघायला लागली की जणू मी देवघरात चपला घालून शिरलोय.

शाकाहारी माणसासाठी या कडकपणाचा फायदा असा की कशात काय आहे हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. दुधाचा म्हणून सांगितलेला पदार्थ असेल तर त्यात मांस नाही म्हणजे नाहीच. पण ‘पारेव’ शब्दाने फसू नका. पारेव म्हणजे मांसही नाही आणि दूधही नाही, अंडी आणि मासे मात्र त्यात बसतात. खल्लावर वरून अंडं फिरवलेलं असतं, कुगेल म्हणून बटाट्याचा भाजलेला पदार्थ असतो त्यात अंडं असतं, आणि सूपमधले ते पांढरे गोळे बहुतेक वेळा कोंबडीच्या पाण्यात शिजतात. तुमच्याकडे अंडं चालत नसेल तर मुलीने नाव नोंदवतानाच लिहावं. हमस, सॅलड, भाजलेल्या भाज्या भरपूर असतात, उपाशी राहणार नाही. दुकानातून आणलेल्या पाकिटावर वर्तुळात यू (ज्यूंच्या खाण्याच्या नियमांत बसतं अशी खूण) आणि शेजारी डी दिसला की दुधाचं समजायचं. अमेरिकेत मला जिलेटिन, चरबी वगैरेचा धाक असायचा, तो या एका खुणेने निम्मा गेला.

आणखी एक. धार्मिक घरात पुरुष परक्या बाईशी हात मिळवत नाही, बाई परक्या पुरुषाशी नाही. मुलीने रबायपुढे हात करू नये. हात जोडून नमस्कार करावा, आपल्याला ते जड नाही.

तिसऱ्या-चौथ्या शुक्रवारी रबायने विचारलं, भारतात कुठला? म्हटलं, मुंबईच्या दक्षिणेला समुद्राकाठी अलिबाग म्हणून आहे. तो चमचा खाली ठेवून म्हणाला, बेने इस्रायल! म्हणजे आपले कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. मला आनंदही झाला आणि जरा लाजही वाटली, कारण आमच्या गावात इस्रायल आळी आहे, तिथल्या सिनेगॉगवरून शाळेत जायचो, आणि मला त्यांच्याबद्दल एवढंच ठाऊक होतं की पूर्वी तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे म्हणून शनिवार तेली. पेणकर, रोहेकर, नागावकर ही नावं मी आपली कोकणातली म्हणूनच ऐकली होती. शाळेतल्या एका मित्राच्या घरी मलिदा खाल्ला होता, पोहे-नारळ-गुळाचा. तो एलियाहू हन्नाबी या ज्यू प्रेषिताच्या नावाने करतात हे मला शँपेनमध्ये कळलं.

एप्रिल 2012 मध्ये पेसाहची मेजवानी होती, शुक्रवारीच आली होती. या रात्री हगादा वाचतात, इजिप्तच्या गुलामीतून सुटल्याची गोष्ट. रबायने कपाटातून एक प्रत काढून माझ्यापुढे ठेवली. पुण्यात 1874 मध्ये छापलेल्या हगादाची नक्कल होती ती. एकीकडे हिब्रू, दुसरीकडे मराठी, बाळबोध अक्षरात. आत एक चित्र, बायका लुगडी नेसून जमिनीवर बसून बेखमीर भाकरी करताहेत, मांडी घालून, पुढे पोळपाट. सुरुवातीलाच एक भाग येतो, ज्याला भूक असेल त्याने यावं आणि जेवावं अशा अर्थाचा. मूळ तो अरामी भाषेत आहे, त्या काळी बायकापोरांना कळावं म्हणून. रबाय म्हणाला, आज हा तू वाच. चाळीसेक माणसांत ते पान वाचू शकणारा मी एकटाच. जुनं मराठी, दोन शब्दांवर अडखळलो. शब्बात होता, सणही होता, त्यामुळे याचा एकही फोटो नाही.

राजकारणाचंही विचाराल म्हणून थोडक्यात. ऑक्टोबर 2023 मध्ये हमासने इस्रायलवर हल्ला केला, त्यानंतर बहुतेक ठिकाणी दारावर पहारा असतो आणि आधी नाव नोंदवावं लागतं, त्याला घाबरू नये. इस्रायलवरून या मुलांमध्येच कडाडून वाद असतात. 2013 च्या डिसेंबरात स्वार्थमोर कॉलेजच्या हिलेलने मुख्य संस्थेचे नियम झुगारले, कुणाला व्यासपीठ द्यायचं आणि कुणाला नाही यावरून, आणि पुढे नावच बदललं. म्हणून रूममेटला सरकारी वकील समजून प्रश्न विचारू नयेत. ती बोलली तर ऐकावं.

राहिला डबा. आपल्याकडे रिकाम्या हाताने जात नाहीत, म्हणून मी दुसऱ्यांदा जाताना साजूक तुपातला शिरा घेऊन गेलो, स्टीलच्या डब्यात, केळं घालून. रबायच्या बायकोने डबा दारातच थांबवला. माझ्या स्वयंपाकघरातलं काही त्यांच्या टेबलावर जाऊच शकत नव्हतं. मला ते लागलं, खोटं कशाला बोलू. परत जाताना बसथांब्यावर एकट्याने अर्धा खाल्ला. तुमच्या मुलीने फुलं न्यावीत, तीही सूर्यास्ताच्या आत.

पण त्या बाईंनी लक्षात ठेवलं होतं. पुढच्या रविवारी बोलावलं आणि दुधाच्या बाजूची कढई माझ्या हातात दिली. लोणी त्यांचंच, खुणेचं, ते कढवून तूप केलं. रवा मी थेट ओतणार तेवढ्यात त्यांनी चाळणी पुढे केली. किडा पोटात गेलेला त्यांना चालत नाही, म्हणून पीठ-रवा चाळूनच घेतात. आमची आजी चाळायची तसा, मनगटाने चाळणीच्या कडेवर टकटक करत, त्यांनी तो चाळून दिला आणि मग मी भाजायला घेतला. वेलदोडा सोलायचं काम पाच वर्षांच्या पोरीकडे होतं. तिने निम्मे दाणे जमिनीवर सांडले.