मीटिंग कोणती निवडू?

प्रश्न : नमस्कार दादा. चोपडा तालुक्यात माझी केळीची बाग आहे. वय ४१. महिन्यापूर्वी व्यसनमुक्ती केंद्रातून घरी आलो. तिथल्या समुपदेशकांनी सांगितलं म्हणून जळगावला ए.ए.च्या (अल्कोहोलिक्स अनॉनिमस, दारू सोडू पाहणाऱ्यांचा गट) मीटिंगला गेलो. सगळे माझ्या वडिलांच्या वयाचे, शेवटी उभं राहून प्रार्थना. मी देवबिव मानत नाही. काही न बोलता निघून आलो. जवळपास कुठे गेलो तर ओळखीचं कोणी भेटेल ही धास्ती, त्यात पुतणीचं लग्न जमवायचंय. बायको म्हणते, मी सोबत येते. नाहीतर दारू सोडवायची जाहिरातीतली पुडी आणते, भाजीत घातली तरी माणसाला कळत नाही. माझ्यासाठी योग्य मीटिंग कशी शोधू? – एक वाचक

उत्तर : भाऊ, आधी पुडीचं. ती आणू देऊ नका. आत काय भरलंय ते पुडीवाल्यालाच ठाऊक. डायसल्फिराम हे दारू सोडवायचं औषध असलं, तर त्यावर दारू पोटात गेली की चेहरा लालभडक होतो, ओकाऱ्या सुरू होतात, छाती धडधडते, बीपी पडतो. कधी जिवावरही बेततं. हे औषध डॉक्टर देतात, तेही पेशंटला सांगून. वहिनींना हा परिच्छेद वाचायला द्या.

आता मीटिंग. मी स्वतः बेवडा. मीटिंगमध्ये आम्ही अशीच ओळख करून देतो, आणि छापील मजकुरात नाव द्यायचं नाही ही ए.ए.ची रीत आहे, म्हणून खाली माझं नाव नसतं. एका मीटिंगवरून ग्रुपला नापास करू नका. त्या दिवशी कोण आलं, कोणाला काय सुचलं, यावर सगळं असतं. त्याच खोलीत पुढच्या आठवड्यात एखादा तुमच्याच वयाचा ट्रॅक्टरवाला बोलताना दिसेल. आणि म्हाताऱ्यांचं म्हणाल, तर आपल्यासारखे पिणारे त्या वयापर्यंत फारसे पोचत नाहीत. ते पोचलेत, तर कसे पोचले ते विचारून घ्या की.

देवाचा शब्द ए.ए.च्या बारा पायऱ्यांत, म्हणजे दारूतून बाहेर यायच्या बारा टप्प्यांत, आहे, खोटं कशाला सांगू? पण त्याला 'ज्याला जसा उमगेल तसा' अशी सूटही तिथेच दिलेली आहे. १९३५ मध्ये अमेरिकेत एक शेअरबाजारातला माणूस आणि एक सर्जन यांच्यापासून हे सुरू झालं. आत यायची अट एकच, दारू थांबवायची इच्छा. फी नाही. शेवटी झोळी फिरते, नव्या माणसाने त्यात काही टाकायची गरज नसते. आमच्या ग्रुपात एक नाना आहेत, पक्के नास्तिक. प्रार्थनेला उभे राहतात, ओठ मिटलेले. त्यांना आजवर कोणी हटकलेलं नाही.

मी तुम्हाला उलटा प्रश्न विचारतो : तुम्हाला सगळ्यांत जास्त कधी लागते? केळीवाल्यांचं मला माहीत आहे. माल कापला, गाडी भरली, व्यापाऱ्याने हिशोब केला, की मजुरापासून मालकापर्यंत सगळ्यांचे पाय ढाब्याकडे वळतात. ज्या वाराला तुमच्याकडे बहुतेक कटाई असते, त्या संध्याकाळची मीटिंग धरा. ती जळगावची असो की जवळची, आधी परतीचं बघा. रात्री तापीचा पूल ओलांडून मोटरसायकलवर एकट्याने यायचं असेल, तर पावसाळ्यात तुमचं जाणं आपोआप बंद पडेल. मग आठवड्याला एक प्रत्यक्ष आणि मधल्या दिवसांत मोबाइलवर ऑनलाइन, असं जमवा. हिंदी-मराठी मीटिंगा ऑनलाइन होतात, कॅमेरा बंद ठेवून नुसतं ऐकलं तरी चालतं.

पत्ता केंद्रातल्या समुपदेशकांकडूनच घ्या. १४४४६ ही व्यसनमुक्तीची सरकारी मोफत हेल्पलाइनही आहे. निघण्याआधी फोन मात्र करा. बऱ्याच मीटिंगा शाळेच्या खोलीत भरतात आणि परीक्षा आल्या की ती खोली मिळत नाही. कुलूप बघून परत फिरलेला नवा माणूस वाटेत कुठे थांबतो, हे मी सांगायला नको.

गेल्यावर भाषणांपेक्षा नंतरच्या चहाकडे लक्ष द्या. नव्या माणसाला कोणी नंबर दिला का? दुसऱ्या दिवशी तो फोन उचलतो का? शेअरिंग, म्हणजे आपापला अनुभव सांगणं, तुमच्या बोलीत होतं का? आमच्याकडे पारोळ्याकडचा एक गडी अहिराणीतच बोलतो, "आज पेवानी नही, सकायनं सकाय देखसूत." म्हणजे आज प्यायची नाही, उद्याचं उद्या बघू. पुस्तकी मराठीत हेच सांगितलं असतं, तर निम्म्यांनी जांभया दिल्या असत्या. डॉक्टरांच्या गोळ्या बंद करा म्हणणारा, उसने मागणारा, विम्याची पॉलिसी काढणारा भेटला, तर त्याच्यापासून चार हात लांब. ग्रुप तेवढ्यासाठी सोडू नका.

ओळखीचं कोणी भेटलं तर? तो तिथे आला कशाला, हे तुम्हालाही कळलेलंच असतं. शिवाय ढाब्याबाहेर उभी राहणारी तुमची मोटरसायकल अख्ख्या गावाच्या ओळखीची. पुतणीच्या सोयऱ्यांनी चौकशी केली, तर ते आधी त्या मोटरसायकलचीच करतील.

वहिनींना आणायचं, तर 'खुली' मीटिंग असल्याची खात्री करून घ्या. 'बंद' मीटिंग फक्त आपल्यासारख्यांची. पण त्यांनी तुमच्यावर पहारा ठेवायला यावं, असं मला वाटत नाही. घरच्यांसाठी अल-अॅनॉन वेगळं आहे, १९५१ पासूनचं, त्याच बारा पायऱ्यांवर चालणारं. तिथे त्यांना स्वतःचं बोलता येईल, तुम्ही समोर नसताना.

आणि अखाजीचं, म्हणजे अक्षय्य तृतीयेचं, आत्ताच ठरवा. पत्त्यांचे डाव रात्रभर चालतील आणि बाटल्या तुम्ही न मागता पुढे येतील. त्या दिवशी ग्रुप भरणार आहे का, नसेल तर कोणाकडे जाऊन बसता येईल, हे पुढच्याच मीटिंगला विचारून या.