राणीच्या दालनातील एक जागा

प्रश्न : ट्यूडर काळातील इंग्लंडमध्ये राणीच्या सेवेत असणाऱ्या सरदार घराण्यांतील स्त्रिया नेमके काय करीत? त्या राणीच्या मैत्रिणी होत्या की उच्चकुलीन दासी? आणि ही जागा त्यांना मिळे तरी कशी?

उत्तर : आपल्या प्रश्नाचा शेवटचा भाग सहसा कोणी विचारत नाही, म्हणून त्यापासूनच सुरुवात करणे योग्य होईल. इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याच्या वतीने, फ्रान्सच्या किनाऱ्यावरील पण तेव्हा इंग्रजांच्या ताब्यात असलेल्या कॅले या बंदरात कारभार पाहणाऱ्या लॉर्ड लाइल यांची पत्नी ऑनर हिला पहिल्या पतीपासून झालेल्या आपल्या मुलींपैकी एकीला तरी राणीच्या सेवेत पाठवायचे होते. १५३७ च्या उन्हाळ्यात राणी जेन सेमूर गरोदर होती आणि तिला लावा पक्ष्याचे मांस खाण्याचे डोहाळे लागले होते. ऑनरने कॅलेहून लावे पाठविण्याचा सपाटाच लावला. अखेर एके दिवशी ते खाता खाता राणीने रटलंड आणि ससेक्स येथील काउंटेसांकडे, म्हणजे तिथल्या सरदारांच्या पत्नींकडे, मुलींचा विषय काढला आणि दोघींना पाठवावे, त्यांतील एक आपण निवडू, असे सांगितले. निवड अ‍ॅन बॅसेटची झाली आणि तिची बहीण कॅथरीन हिला रटलंडच्या काउंटेसकडे राहावे लागले. या साऱ्या खटपटीत पुरुषांचा सहभाग थोडाच दिसतो, कारण पत्रे, भेटी आणि शिफारशी यांची ही साखळी मुख्यतः स्त्रियांनीच विणलेली होती, आणि ट्यूडर राजकारणाचा हा भाग इतिहासात फार दुर्लक्षित राहिला, असे मला वाटते.

जागा मिळाली तरी खर्च संपत नसे. राणीच्या अविवाहित सेविकेला, म्हणजे ‘मेड ऑफ ऑनर’ला, वर्षाला १० पौंड वेतन, शिवाय दरबारात राहण्या-जेवण्याची सोय मिळे, पोशाखाचा बराचसा भार मात्र माहेरावर पडे. अ‍ॅन फ्रेंच पद्धतीचे शिरोभूषण घालून आली, तर राणीच्या पसंतीनुसार तिला तेही बदलून इंग्रजी पद्धतीचे घ्यावे लागले.

राणीला कपडे चढविणे, तिचे दागिने सांभाळणे, तिच्यासोबत प्रार्थनेला जाणे, शिवणकाम, वाचन, संगीत, पत्ते, नृत्य आणि परदेशी राजदूतांसमोर शोभेने उभे राहणे, हा त्यांचा दिनक्रम. दरबार ग्रिनिच, हॅम्प्टन कोर्ट, रिचमंड असा सतत हलत असल्यामुळे बिऱ्हाडही त्याच्याबरोबर हले.

मैत्रीण की दासी, या प्रश्नाचे उत्तर मात्र एका शब्दात देता येत नाही. १५६२ मध्ये पहिल्या एलिझाबेथला देवी आल्या तेव्हा तिच्या सेवेतील मेरी सिडनी हिने तिची शुश्रूषा केली. त्यात तिला स्वतःलाच देवी आल्या आणि तिचा चेहरा कायमचा विद्रूप झाला. वेतनासाठी कोणी इतके करीत नाही, आणि तरीही ती सेवाच होती.

अ‍ॅनच्या बाबतीत पुढे घडले ते असे : तिने सेवेची शपथ घेतल्यानंतर काही आठवड्यांतच, २४ ऑक्टोबर १५३७ रोजी, बाळंतपणानंतर राणी जेन वारली. तरीही अ‍ॅन हेन्रीच्या पुढील राण्यांच्या सेवेत टिकली. १५४० मध्ये लॉर्ड लाइल यांना राजद्रोहाच्या संशयावरून लंडनच्या टॉवरमध्ये, म्हणजे तुरुंग म्हणूनही वापरल्या जाणाऱ्या किल्ल्यात, टाकण्यात आले, ऑनरही कॅलेत नजरकैदेत राहिली आणि घरातील कागदपत्रे जप्त झाली. त्या जप्तीमुळेच ही पत्रे आज आपल्याला वाचता येतात. पुढच्या वर्षी राणी कॅथरीन हॉवर्ड हिला अटक झाली आणि तिच्या सेविकांना घरी पाठविण्यात आले, तेव्हा जायला घर न उरलेल्या अ‍ॅनच्या निर्वाहाची व्यवस्था राजाने स्वतः करविली.