आपला फुटबॉल क्लब बंद पडेल अशी सतत भीती वाटते, फॅन म्हणून काय करता येईल?

तू लिहिलंयस की तू १९ वर्षांचा आहेस, शाळेपासून मुंबई सिटीचा फॅन, २०२५-२६ ची इंडियन सुपर लीग (आयएसएल) वेळेत सुरूच होईना, त्यात डिसेंबर २०२५ मध्ये सिटी फुटबॉल ग्रुप, म्हणजे मँचेस्टर सिटीवाले मालक, आपला हिस्सा सोडून निघून गेले आणि आता रोज रात्री फोनवर हेच बघत बसतोस की क्लब राहणार का जाणार. मी वयाने तुझ्या जवळपास दुप्पट आहे म्हणून अरे-तुरे करतो, राग मानू नकोस. मी पुण्याचा. तुला ज्याची भीती वाटतेय ते माझ्या बाबतीत होऊन गेलंय, आणि एकदा नाही, २०१५ ते २०१९ या पाच वर्षांत पुण्याने चार क्लब गमावले, त्यातल्या दोघांसाठी मी घसा बसेपर्यंत ओरडलोय. म्हणून "काही होत नाही रे, टेन्शन घेऊ नको" असं मी तुला सांगणार नाही.

पहिला पुणे एफसी. २००७ ला सुरू झाला, आय-लीगमध्ये, म्हणजे तेव्हाच्या देशातल्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये, पहिल्याच सीझनला तिसरा आला, २०१२-१३ ला चर्चिल ब्रदर्सच्या मागोमाग दुसरा. डेरिक परेरा कोच होते. बालेवाडीच्या त्या अवाढव्य स्टेडियममध्ये कधीकधी आम्ही दोन-तीनशेच माणसं असायचो, पण एकमेकांना चेहऱ्याने ओळखायचो, कोण सुट्टी टाकून आलाय, कोणाच्या बायकोचे दिवस भरत आलेत, सगळं माहीत. २०१५ च्या सीझननंतर मालकांनी टीम काढून घेतली. भारत एफसी त्याच वर्षी आला आणि एक सीझन खेळून गेला. डीएसके शिवाजीयन्स दोन सीझन आय-लीग खेळले, २०१७ ला ते पण गेले. राहिला एफसी पुणे सिटी.

मार्च २०१८ मध्ये पुणे सिटी पहिल्यांदा आयएसएलच्या सेमीफायनलला पोचली. सेमीफायनलच्या दोन मॅचेसपैकी बालेवाडीत बंगळुरूशी पहिली ०-० सुटली, त्या रात्री परत येताना पीएमटी मिळेना म्हणून आम्ही सहा जण पार युनिव्हर्सिटी सर्कलपर्यंत चालत आलो, खांद्यावर ढोल, आणि कोणालाही पाय दुखतायत असं वाटलं नाही. बंगळुरूत सुनील छेत्रीने हॅटट्रिक मारली, आम्ही ३-१ हरलो. तेव्हा वाटलं होतं हे आपलं सगळ्यात मोठं दुःख. दीड वर्षाने, ऑगस्ट २०१९ मध्ये, बातमी आली की पैशांच्या अडचणीमुळे क्लब बंद आणि त्याची लीगमधली जागा हैदराबादला गेली. कोच फिल ब्राऊन तिकडे गेले, बरेच खेळाडू तिकडे गेले. हरणं आणि हे यात काय फरक असतो ते मला त्या दिवशी कळलं. हरलास तर पुढचा शनिवार असतो.

पुढचं पण ऐक. त्याच हैदराबादने मार्च २०२२ मध्ये गोव्यात फातोर्ड्याला केरळला पेनल्टीवर हरवून आयएसएल जिंकली, त्या टीममध्ये आपला कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. मी घरी टीव्हीसमोर एकटा बसून बघत होतो आणि आनंद व्हावा का वाईट वाटावं हेच समजेना. आणि २०२५ मध्ये तो हैदराबाद क्लब पण पैशापायी उचलून दिल्लीला नेला, आता त्याचं नाव स्पोर्टिंग क्लब दिल्ली. म्हणजे एकच जागा, पुणे, हैदराबाद, दिल्ली, आणि मागे दोन शहरांत कपाटात घड्या घालून ठेवलेल्या जर्स्या. हैदराबादच्या पोरांचं दुःख मला आतून कळतं.

असं का होतं हे नीट समजून घे, कारण अर्धी भीती न समजल्यामुळे वाटते. आपल्याकडे बहुतेक क्लबांची स्वतःची अशी वस्तूच नसते. स्टेडियम सरकारचं किंवा महापालिकेचं, भाड्याने. टीव्हीचे पैसे इतके कमी की खर्चाच्या जवळपास पण जात नाहीत. तिकिटातून फार येत नाही. मग दरवर्षी मालक खिशातून भरतो, आणि ज्या वर्षी त्याच्या मूळ धंद्याला ताप येतो किंवा त्याची हौस संपते त्या वर्षी क्लब पहिला कापला जातो. महिंद्रा युनायटेड आठवत नसेल तुला, तुझ्याच मुंबईची टीम, २००५-०६ ची नॅशनल लीग (आय-लीगच्या आधीची) जिंकलेली, चार वर्षांनी बंद. ती काही खराब खेळत होती म्हणून नाही बंद झाली. मुंबई एफसी २०१७ ला गेली. आणि २०२५-२६ चा घोळ तर वरच्या पातळीवरचा, फेडरेशनने २०१० मध्ये १५ वर्षांसाठी ७०० कोटींना लीगचे व्यावसायिक हक्क दिले होते, तो करार ८ डिसेंबर २०२५ ला संपणार हे सगळ्यांना १५ वर्षं माहीत होतं, तरी पुढचं ठरलं नाही, जुलै २०२५ मध्ये सीझन थांबवला, नवं टेंडर काढलं तर एकही बोली आली नाही, शेवटी जानेवारी २०२६ मध्ये सरकारने मध्ये पडून १४ टीम्सची, एकेकदाच भिडायची छोटी लीग १४ फेब्रुवारीपासून जाहीर केली. खेळाडूंना व्हिडिओ काढून फिफाला हात जोडावे लागले, ते बघून मला खरंच रडू आलं. तुझ्या क्लबचं दुखणं या मोठ्या दुखण्यातूनच आलंय.

आता मुंबई सिटी. परदेशी ग्रुपने २०१९ ला ६५ टक्के हिस्सा घेतला होता, तो आता जुन्या मालकांकडे परत गेला, म्हणजे क्लब वाऱ्यावर नाहीये, २०१४ ला ज्यांनी सुरू केला तेच आहेत. पण आधीसारखा पैसा येणार नाही, मोठे परदेशी खेळाडू कमी होतील, कदाचित खालच्या नंबरला राहाल दोन-तीन वर्षं. याला घाबरू नकोस. खालचा नंबर म्हणजे क्लब मरतोय असं नाही. माझा अनुभव सांगतो, पॉईंट टेबल बघू नकोस, पोरांच्या टीम्स बघ. ज्युनियर टीम खेळतेय का, त्यांचे कोच तेच आहेत का, सरावाचं मैदान तेच आहे का, किट आणि फिजिओच्या कामाची माणसं टिकतायत का सोडून चाललीत. मालकाला पुढची पाच वर्षं राहायचं असेल तर तो १५ वर्षांच्या पोरांवर पैसे घालतो, निघायचं असेल तर सगळ्यात आधी तेच बंद करतो.

हे पुण्यातच दिसलं होतं. पुणे एफसीची मोठी टीम गेली पण अकॅडमी पुणे सिटीने २०१६ मध्ये घेतली, त्यामुळे ती तगली, तिथून आशिक कुरुनियन आला, पुढे भारताकडून खेळला. अनिकेत जाधव पण त्याच अकॅडमीतून गेलेला, २०१७ चा अंडर-१७ वर्ल्ड कप खेळला. मी त्या अकॅडमीच्या मॅचेस बघायला किती वेळा गेलो विचारशील तर दोनदा. याची मला आजही खंत आहे.

गोव्यात डेम्पोचं बघ, पाच वेळा देशाचे चॅम्पियन, २०१६ मध्ये साळगावकर आणि स्पोर्टिंग गोवा या गोव्याच्याच क्लबांबरोबर आय-लीगमधून बाहेर पडले. सगळ्यांनी धरलं की संपलं. पण ते गोव्याच्या लीगमध्ये खेळत राहिले, पोरं घडवत राहिले आणि २०२४ ला आय-लीगमध्ये परत आले. मुळं गावात होती म्हणून परत फुटले.

आणि कोल्हापूर. माझं आजोळ मंगळवार पेठेत. मामा लहानपणी शाहू स्टेडियमला न्यायचा, पाटाकडील आणि दिलबहार या तालमींची (तिथे फुटबॉल टीम तालमीची असते) मॅच असली की दुपारपासून पायऱ्या भरलेल्या, बायका-पोरं, म्हातारी माणसं, भडंगाची पुडी आणि कडेवरचं पोर पण आपल्या तालमीच्या रंगात. २०१९ ला मी त्याला सांगितलं की मामा आमचा क्लब बंद झाला, तर त्याला प्रश्नच कळेना. "बंद म्हंजे? पेठ कुठं गेली काय उचलून?" असं म्हणाला. तिथे तालीम पेठेची असते, मालकाच्या मूडवर चालत नाही, वर्गणी आणि मंडळाच्या माणसांवर चालते. त्यात पैसा थोडा, चांगल्या पोराला करिअरसाठी बाहेर पडावंच लागतं, ही उणीव आहेच. पण मामाचं ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. आमच्या क्लबला पेठ नव्हती. आम्ही होऊ शकलो असतो, पण झालो नाही.

म्हणून काय करायचं ते सांगतो. फॅन मालकाला थांबवू शकत नाही, पण फॅन एकत्र असले तर बरंच होतं. कोलकात्यात मोहन बागानच्या नावाआधी त्यात विलीन झालेल्या एटीके क्लबचं नाव लावलं होतं, लोकांनी तीन वर्षं सोडलं नाही, बॅनर, मोर्चे, शेवटी २०२३ ला ते नाव काढावं लागलं. आणि लंडनचं विम्बल्डन, २००२ मध्ये त्यांचा क्लब मिल्टन कीन्सला न्यायला परवानगी मिळाली, तर फॅन्सनी काही आठवड्यांत स्वतःचा क्लब काढला, खेळाडू निवडायला एका मोकळ्या मैदानावर ट्रायल ठेवली, बऱ्याच खालच्या लीगमधून सुरुवात केली, नऊ वर्षांत व्यावसायिक लीगमध्ये आले आणि २०२० ला आपल्या जुन्या भागात, प्लाऊ लेनला, परत घर बांधलं. त्यांना हे जमलं कारण क्लब जायच्या आधीपासून त्यांची संघटना होती, एकमेकांचे पत्ते होते, पैसे गोळा करायची सवय होती.

आमच्याकडे काय होतं? एक व्हॉट्सॲप ग्रुप. क्लब गेला त्या महिन्यात तिथे दोनशेच्या वर माणसं रागाने लिहित होती, दिवाळीपर्यंत शांत झाला, आज आम्ही अकरा जण आहोत आणि वाढदिवसाच्या शुभेच्छा देतो. कोणीतरी रजिस्टर केलेली संस्था असती, खातं असतं, मेंबरांची यादी असती, तर निदान त्या अकॅडमीच्या पोरांसाठी एक छोटी टीम जिल्हा लीगमध्ये उतरवता आली असती. हे मी मनापासून मानतो. त्यामुळे तुमच्या फॅन ग्रुपमध्ये आत्ता, क्लब जिवंत असताना, हे काम काढ. ग्रुप संस्था म्हणून रजिस्टर करा, वर्षाला शंभर-दोनशे रुपये वर्गणी ठेवा, मॅनेजमेंटला लेखी पत्र देऊन वर्षातून एकदा भेट मागा आणि तिथे खेळाडू कोण घेणार हे विचारू नका, ज्युनियर टीमचं बजेट विचारा. ज्युनियर मॅचला दहा जण जा. त्या पोरांच्या आई-बापांशी ओळख करा, क्लब म्हणजे शेवटी तेच असतात. आणि फोटो, तिकिटं, बॅनर सगळं जपून ठेव, आमचे निम्मे फोटो फुटलेल्या फोनांबरोबर गेले.

रात्री फोन बघणं मात्र कमी कर. त्या बातम्यांत तुझ्या हातात काही नाही, रविवारी सकाळी ज्युनियर मॅच बघायला जाणं तुझ्या हातात आहे.

सप्टेंबर २०२३ मध्ये तुझा क्लब एशियन चॅम्पियन्स लीगची मॅच खेळायला आमच्या बालेवाडीत आला होता, इराणच्या नासाजीशी. मी गेलो होतो, चार वर्षांनी त्या गेटमधून आत गेलो. निळ्या जर्सीतल्या तुम्ही मुंबईच्या पोरांनी मला ओढून आपल्यात उभं केलं, माझ्या अंगात जुनी केशरी जर्सी होती तरी कोणी काही बोललं नाही. तुम्ही ०-२ हरलात आणि शेवटपर्यंत गात होता. तू होतास का त्यात? ढोल अजून माझ्याकडे आहे, मागच्या वर्षी नवं पान चढवून घेतलंय. अंधेरीला ज्युनियर मॅच असेल तेव्हा तारीख कळव, सकाळच्या गाडीने येतो.