दोन तासांनी कूस

बाळा,

तुझा पाय झटक्याने उडाला त्याचा व्हिडिओ तुझ्या आईने पाठवला. खाली विचारलंय, "भाऊ, आता चालेल ना हा?" मी फोन उलटा ठेवला. माझ्या पायाला असाच झटका आला होता तेव्हा आमच्या घरी पेढे वाटले होते.

तो झटका तू दिलेला नाहीस. डी-१० ला, म्हणजे पाठीच्या दहाव्या मणक्यापाशी, तुझा मज्जारज्जू चेंगरला, पण त्याच्या खालचा भाग जिवंत आहे. सुरुवातीचे काही आठवडे तो गप्प असतो, मग जागा होतो. मेंदूचा लगाम सुटलेला, त्यामुळे चादर सरकली तरी पाय उडतो. चालशील का, ते मला विचारू नकोस. शौचाच्या जागेला स्पर्श कळतो का, तिथे आवळता येतं का, यावरून इजा पूर्ण की अपूर्ण ते ठरवतात. नेमकी तीच तपासणी तू लाजून टाळलीस म्हणे. कसली लाज? करून घे.

मी विचारेन ते वेगळंच. रात्री तुझी कूस कोण बदलतं? "आई दमते, म्हणून सकाळपर्यंत उताणाच असतो," असं तू लिहिलंस आणि माझं डोकं फिरलं. अरे, धडधाकट माणूस झोपेतही चाळवतो, कारण कातडी कुरकुरते. तुझी कमरेखालची कुरकुर वर पोचतच नाही. हाडाखाली रक्त थांबतं, मांस आतून मरतं आणि तू शांत झोपलेला. दोन तासांनी कूस. आई दमली तर मामाला उठव, पण दोन तासांनी कूस.

मला हे सिस्टरने पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. मी मात्र 'सांगितलंच नव्हतं' म्हणत वर्षभर तिच्या नावाने खडे फोडले. खरं कारण वेगळं होतं. बहिणीच्या लग्नात फोटोत व्हीलचेअर नको, म्हणून मी दिवसभर मांडवातल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसलो. रात्री बायकोला बसायच्या हाडावर रुपयाएवढा काळसर डाग दिसला. पुढचे सात महिने मी पालथा होतो. घरातलं एक बारसं दारातून ऐकलं.

१९४४ साली इंग्लंडमध्ये स्टोक मँडव्हिल रुग्णालयात डॉ. लुडविग गुटमन यांनी असे रुग्ण हाती घेतले. तोवर अशी बहुतेक माणसं या जखमांनी आणि लघवीच्या संसर्गाने जायची. दोन तासांनी कूस, रात्रीसुद्धा, हा गुटमन यांचा हट्ट. आता तुला जो तो मुरलीकांत पेटकरांचं नाव ऐकवेल. ६५च्या युद्धात गोळ्या लागलेला माणूस, १९७२ ला हायडलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्यात सुवर्ण! ऐक, जरूर ऐक. पण उघडी जखम घेऊन पाण्यात उतरता येत नाही.

चादर ओली होईल म्हणून पाणी कमी पितोस, ते कमी पिणंही बंद कर. दर चार-सहा तासांनी नळी घालून लघवी काढायला शीक.

आणि पाठीमागची कातडी बघायला दांडीचा आरसा आण. आपल्या सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही. कुठे काळपट, गरम किंवा टणक लागलं, तर ती जागा पूर्ववत होईपर्यंत तिच्यावर भार नको. खुर्चीत बसलास की दर पंधरा-वीस मिनिटांनी हातांवर अंग उचल.

लोक मला विक्षिप्त म्हणतात. सभेत अलार्म वाजतो, मी बोलता बोलता अंग उचलतो. म्हणू देत. एकोणीस वर्षं झाली, दुसरी जखम नाही.

व्हिडिओ आता पायाचा नको. माकडहाडाचा फोटो पाठव, आजच.

तुझा,
काका