कानात सतत 'कुंई' वाजतं. कानाच्या मशीनने थांबेल का?

वडील जळगावच्या जिनिंगमध्ये (कापसातून सरकी काढायच्या गोंगाटाच्या कारखान्यात) होते, ऐकू कमी येतं आणि कुंई वाजते, असं तुम्ही लिहिलंय. आवाज बंद होईलच असं नाही, पण मागे पडतो. गोंगाटाने आधी ४००० हर्ट्झच्या आसपासचं, म्हणजे उंच, बारीक स्वरांचं ऐकणं जातं. मेंदू ती पोकळी स्वतःच भरतो, तीच कुंई, असं मानतात. मशीन भांड्यांचा, पाखरांचा बारीक आवाज परत आणतं.

आधी कान-नाक-घसा डॉक्टरांकडून मळ तपासा आणि ऑडिओग्राम (कोणता स्वर किती ऐकू येतो याचा आलेख) काढा. एकाच कानात वाजत असेल किंवा नाडीसारखं ठोके देत असेल, तर आधी डॉक्टरांकडून त्याचं कारण तपासा, मशीन नंतर.

उंच स्वरच गेले असतील तर उघडा डोम (मशीनची कानात बसणारी मऊ, छिद्रांची टोपी) घ्या. बंद डोमने कान कोंदतो, कुंई उलट जास्त जाणवते. नॉइज रिडक्शन (मशीनची गोंगाट कापायची सोय) कमी ठेवायला सांगा, नाहीतर हवे तेच बारीक आवाज कापले जातात. मशीनमध्ये कुंईसाठी 'सूं' असा मंद आवाज सोडायची सोय असेल, तर तो कुंईपेक्षा किंचित कमी ठेवा, पूर्ण झाकू नका. दिवसभर घाला, फक्त टीव्हीपुरतं नको. फरकाला काही महिने लागतात.

रात्री मशीन काढून पंखा चालू ठेवा. उन्हाळ्यात कूलर तेच काम करतो (खान्देशात तो असतोच), म्हणून हिवाळ्याच्या शांततेत त्रास वाढल्यासारखा वाटतो. घामाने रिसीव्हर (मशीनचा छोटा स्पीकर) बंद पडू शकतो. रात्री मशीन सिलिका जेलच्या (ओल शोषणाऱ्या खड्यांच्या) डबीत ठेवा.