गॅनेट आंधळा होतो का?

प्रश्न : उंचावरून समुद्रात सूर मारणारा गॅनेट पक्षी अलीकडेच एका माहितीपटात पाहिला. एवढ्या वेगाने पाण्यावर आदळूनही त्याची मान मोडत कशी नाही? सतत सूर मारून तो अखेरीस आंधळा होतो, असे ऐकले. ते खरे आहे का?

उत्तर : आपण पाहिलेला पक्षी बहुधा उत्तर अटलांटिकमधील गॅनेट असावा. त्याचे वजन सुमारे ३ किलो असते आणि पसरलेले पंख १८० सेंटिमीटरपर्यंत भरतात. कधी कधी तो ३० मीटर उंचीवरूनही झेपावतो आणि ताशी ८० किलोमीटरहून अधिक वेगाने पाण्यात शिरतो. ‘आदळतो’ हा शब्द मात्र त्याला लागू पडत नाही, कारण पाण्याला चोच टेकण्याच्या क्षणभर आधी तो पंख पार मागे ताणतो आणि चोच, डोके व मान एका निमुळत्या रेषेत येऊन पाणी चिरत जातात. त्या वेळी मानेचे स्नायू ताठ राहून ती वाकू देत नाहीत, तर चेहऱ्याच्या व छातीच्या कातडीखालील हवेच्या पिशव्या उरलेला धक्का सोसतात. नाकातही पाणी जात नाही, कारण त्याला बाहेर उघडणाऱ्या नाकपुड्याच नसतात.

आंधळेपणाची गोष्ट निव्वळ ऐकीव आहे. याच्या दक्षिण गोलार्धातील भाऊबंदाच्या, म्हणजे ऑस्ट्रेलेशियन गॅनेटच्या अभ्यासात असे दिसले, की पाण्यात शिरल्यावर साधारण दशांश सेकंदात त्याची नजर पाण्याखालच्या दृश्याशी जुळवून घेते. शिवाय वीस वर्षांहून अधिक जगलेल्या गॅनेटच्या नोंदी आहेत. माशांवरच पोट असलेला पक्षी दृष्टी गमावून इतकी वर्षे कसा तगेल?

धोक्याचा सूर खरा तर पिल्लाचा. सुमारे ९० दिवसांचे झाल्यावर ते कड्यावरून समुद्राकडे झेप घेते, पण अंगावर एवढी चरबी असते की पाण्यावर उतरल्यानंतर त्याला पुन्हा उडता येत नाही. मग त्या चरबीवर दिवस काढत, आईबापांच्या मदतीविना, त्याला मासे पकडायला शिकावे लागते.

डोळ्यांत बदल झाल्याचे एक उदाहरण मात्र खरे आहे. २०२२ मध्ये बर्ड फ्लूची साथ स्कॉटलंडच्या बास रॉक या बेटावरील प्रचंड वसाहतीत पसरली, तेव्हा तेथील काही गॅनेटच्या डोळ्यांतील फिकट निळे वर्तुळ काळे पडलेले आढळले, आणि तपासणीत तो त्या आजारातून वाचल्याचा खुणेचा डाग ठरला.